तोंड उघडण्याचे व्याकरण



आजच्या व्याख्यानाचा विषय मी ‘एक इंग्रजी क्रियापद’ असा कळविला, तेव्हा व्याख्यानमालेच्या चालकांना थोडे नवल वाटले असावे. कामगार चळवळीतला माणूस बोनस, महागाई भत्ता किंवा कंत्राटी पद्धत ह्यांवर बोलेल, अशी अपेक्षा असते. भाषेवर बोलण्याचा अधिकार प्राध्यापकांचा. माझे शाळेतले शिक्षण नववीपाशी संपले. इंग्रजी मी शिकलो ते मालकांच्या नोटिसा, कायद्याची पुस्तके आणि न्यायालयांचे निकाल वाचून. त्यामुळे माझ्या इंग्रजीला ‘निलंबन’, ‘आरोपपत्र’ आणि ‘बडतर्फी’ हे शब्द आधी आले, आणि फुलांची नावे फार उशिरा आली. पण अशा शिक्षणाचा एक फायदा होतो. शब्दाच्या एका छटेने माणसाची भाकर जाते किंवा राहते, हे डोळ्यांनी पाहावयास मिळते. तोच अनुभव पदरी घेऊन मी आपल्यापुढे उभा आहे.

बोलणे हाच ज्या उत्सवाचा प्राण आहे, त्याच्या व्यासपीठावर बोलण्याविषयीच बोलावे, हे मला उचितही वाटते. वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली. ह्याच रानड्यांची १८७९ साली आपल्या धुळ्यास बदली झाली होती. ते दिवस वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचे होते, आणि सरकारचा रानड्यांवरही संशय होता. धुळ्यास त्यांची पत्रे फोडून पाहिली जात, असे रमाबाईंनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. लोकांना बोलते करणाऱ्या माणसाच्या पत्रांवर पहारा बसावा, ह्यातच बोलण्याचे मोल काय ते कळते.

आता क्रियापदाकडे येतो. ते आहे ‘पाइप अप’. जळगावकरांना ‘पाइप’ शब्द शिकवावा लागत नाही. केळीच्या बागेत ठिबकाच्या नळ्या अंथरल्याशिवाय आपला दिवस उगवत नाही. पण ह्या क्रियापदातला पाइप पाण्याचा नाही, तो वाजवायचा पावा आहे. पावा फुंकावयास किंवा गाणे म्हणावयास सुरुवात करणे, हा ‘पाइप अप’चा जुना अर्थ. पुढे त्याला दुसरा अर्थ आला: इतर सारे गप्प असताना, किंवा मोठी माणसे बोलत असताना, ज्याच्याकडून कोणाची अपेक्षा नाही अशा कोणी एकदम बारीक आवाजात बोलून उठणे. वर्गात गुरुजी हिशेब चुकले, आणि मागच्या बाकावरचे पोर म्हणाले, “सर, हातचा एक राहिला.” इंग्रज म्हणेल, त्या पोराने ‘पाइप अप’ केले.

ह्या शब्दाची जोडीदारीण आहे ‘पाइप डाउन’. तिचा जन्म जहाजावरचा. आपल्या कोकणात ज्याला सारंग म्हणतात, तसा खलाशांचा मुकादम इंग्रजी आरमारात गळ्यात शिट्टी अडकवून असे, आणि निरनिराळ्या सुरांनी हुकूम देई. दिवसाचे काम संपले, खाली जा, आता सामसूम, ह्या हुकमाचे नाव ‘पाइप डाउन’. आज त्याचा साधा अर्थ ‘गप बस’ एवढाच उरला आहे. म्हणजे गप बसविणारी शिट्टी अधिकाऱ्याच्या गळ्यात, आणि बोलून उठणारा पावा ज्याच्या हाती काहीच नाही त्याच्या कंठात! आपली जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव ही एकेकाळी गिरण्यांची गावे. ज्यांनी भोंग्यावर उठणे-बसणे केले आहे, त्यांना हा फरक अधिक समजावून सांगावयास नको.

हे क्रियापद वापरावे कसे, तेही सांगतो, कारण पुढची सारी गोष्ट त्यावर उभी आहे. ते घरगुती बोलीतले आहे. अर्जात, निवेदनात, जबानीत ते शोभत नाही. तेथे ‘निवेदन केले’, ‘सांगितले’ अशा अर्थाची साधी क्रियापदे लिहावीत. ते बहुधा दुसऱ्याविषयी वापरतात, आणि त्यात थोडे कौतुक व थोडी कमी लेखण्याची छटा असते. न्यायाधीश ‘पाइप अप’ करीत नाहीत, मंत्री करीत नाहीत. करते ते पोर, नवखा, हाताखालचा माणूस. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्यात उद्धटपणा नाही. अनपेक्षितपणा आहे, लहानपणा आहे, शिवी नाही.

‘स्पीक अप’ हे त्याचे थोरले भावंड. त्याचे दोन अर्थ आहेत: मोठ्याने बोला, आणि न भिता बोला. साहेब टेबलामागून “स्पीक अप” म्हणतो, तेव्हा त्याला बहुधा पहिला अर्थ अभिप्रेत असतो, आणि समोरचा कामगार दुसऱ्या अर्थाच्या अभावी गप्प असतो. गंमत अशी की, ‘शट अप’मध्येही शेपूट तेच आहे. एकाच ‘अप’ने तोंड उघडते आणि एकाच ‘अप’ने मिटते.

आता आपल्या मराठीकडे पाहा. गप्प बसण्यासाठी आपल्यापाशी केवढे भांडार आहे! मूग गिळून बसणे, तोंडाला कुलूप लावणे, चकार शब्द न काढणे, ब्र न उच्चारणे, हूं की चूं न करणे. आणि ह्या सर्वांचा कळस म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. उलट, लहान माणूस मोठ्यापुढे बोलला तर त्यासाठी आपण जे शब्द योजतो, ते बहुतेक दटावणीचे असतात. तो तोंड वर करून बोलतो, मध्येच तोंड घालतो, उलट उत्तर देतो, मोठ्यांच्या तोंडी लागतो. बोलणे तेच, पण मराठीत येताना त्याचा गुन्हा होतो. सभ्यपणे तक्रार करावयाची तर आपण ती ‘साहेबांच्या कानावर घालतो’, म्हणजे हळूच, एकान्तात, कोणाला कळू न देता.

पण आपली भाषा इतकी कोती नाही. तिच्यात ‘कंठ फुटणे’ आहे. पाखराला कंठ फुटतो, आणि आजवर न बोललेल्या माणसालाही फुटतो. तिच्यात ‘वाचा फोडणे’ आहे, आणि हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. इंग्रजीत माणूस स्वतः बोलून उठतो. मराठीत तो ‘अन्यायाला’ वाचा फोडतो. तेथे मुकी असते ती व्यथा. बोलणारा तिला केवळ वाट करून देतो. मग वाट करून देणाऱ्यावर रागावण्यात अर्थ काय?

तिसरे धन आपल्या सहायक क्रियापदांचे. इतिहासाचार्य राजवाडे ह्यांचे देहावसान ३१ डिसेंबर १९२६ रोजी आपल्या धुळ्यातच झाले. त्यांनी जमविलेला मराठी धातुकोश १९३७ साली धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने प्रसिद्ध केला. आपल्या क्रियापदांचा एवढा खटाटोप ज्या गावी झाला, त्या गावच्या लोकांनी तरी आपल्या धातूंकडे डोळसपणे पाहावे. ‘बोलून जाणे’ म्हणजे भान न राहता बोलणे. ‘बोलून बसणे’ म्हणजे बोलून पस्तावणे. ‘बोलून टाकणे’ म्हणजे मन मोकळे करणे. आणि ‘बोलून दाखविणे’ म्हणजे समोरच्याला ऐकावयास लावणे. कामगारांमध्ये तीस वर्षे वावरून मी हे पाहिले आहे की, एकटा माणूस बहुधा बोलून बसतो. त्याचे बोलून दाखविणे व्हावयाचे, तर त्याच्या पाठोपाठ दुसरा कोणी बोलावा लागतो. आजच्या व्याख्यानात मला एवढेच सांगावयाचे आहे. पुढचे सारे त्याचे दाखले आहेत.

पहिला दाखला माझ्या कामातला. कारखान्याचे नाव मी घेत नाही; नावाने काही सिद्ध व्हावयाचे नाही. जिनिंगचा कारखाना, २०११ सालचा हंगाम. शाफ्टच्या पट्ट्यावरची लोखंडी जाळी दुरुस्तीसाठी काढली होती, ती परत बसविलीच नव्हती. कपास वाहणाऱ्या बायका त्या पट्ट्याच्या अंगावरून जा-ये करीत. लुगड्याचा पदर पट्ट्यात सापडला तर काय होते, हे जिनिंगमध्ये काम केलेल्या कोणालाही विचारा. एके दिवशी व्यवस्थापक पाहुण्यांना कारखाना दाखवीत होते. “आमच्याकडे सुरक्षिततेची सर्व काळजी घेतली जाते,” असे ते म्हणाले, आणि तेवढ्यात एक तरुण हेल्पर बोलला, “साहेब, ह्या पट्ट्याची जाळी पंधरा दिवसांपासून नाही.”

पाहुणे गेले आणि तीन दिवसांनी त्याला आरोपपत्र मिळाले. पर्यवेक्षकाने वरिष्ठांना जो इंग्रजी अहवाल दिला, त्यात त्या पोराने ‘पाइप अप’ केले, असे शब्द होते. पर्यवेक्षक चांगले इंग्रजी शिकलेला होता. त्याने शब्द बिनचूक वापरला होता. पण कचेरीत त्या अहवालाचे मराठी आरोपपत्र झाले, तेव्हा तेथे आले, ‘पाहुण्यांसमक्ष तोंड वर करून उद्धटपणे बोलला.’ स्थायी आदेशांप्रमाणे उद्धट वर्तन ही गैरवर्तणूक. तिची शिक्षा बडतर्फीपर्यंत जाऊ शकत होती.

चौकशीत मी त्याचा प्रतिनिधी म्हणून बसलो. मूळ इंग्रजी अहवाल मागून घेतला, शब्दकोश पुढे ठेवला आणि चौकशी अधिकाऱ्याला विचारले की, ह्या शब्दात उद्धटपणा कोठे आहे? १९४८च्या कारखाना कायद्याच्या २१व्या कलमाने चालत्या यंत्राला कठडा किंवा जाळी सक्तीची केली होती, तेही दाखविले. पण शब्दकोश आणि कलम ह्यांनी अर्धेच काम होते. जाळी खरोखर नव्हती, हे सांगणारा माणूस हवा होता. त्या खात्यात चाळीसजण होते; हंगामी काम, उद्याची शाश्वती नाही. कोणी पुढे येईना. अखेर कपास वाहणारी एक वयस्क बाई चौकशीच्या खोलीत आली आणि म्हणाली, “मीबी देखं.” मीही पाहिले! तिने दुसरे काही सांगितले नाही, आणि दुसऱ्या कशाची गरजही उरली नाही. तिच्यानंतर आणखी चौघे आले.

उद्धटपणाचा आरोप टिकला नाही. जाळी बसली. निलंबनाच्या दिवसांची मजुरी मात्र त्या पोराला मिळाली नाही. तेवढी किंमत त्याने मोजली. माझ्या मते त्या प्रकरणात सर्वांत मोठे काम त्या बाईने केले. पहिल्याला बोलताना परिणाम ठाऊक नसतो. दुसऱ्याला तो ठाऊक असतो, आणि तरीही तो बोलतो.

ह्या दुसऱ्या माणसासाठी मराठीत एक सुंदर शब्द आहे, ‘दुजोरा’. त्यात दुजा, म्हणजे दुसरा, बसला आहे. शाहिराला झीलकरी लागतात, कीर्तनकाराला टाळकरी लागतात. झीलकऱ्यांनी सूर उचलला नाही, तर शाहिराचा आवाज कितीही पहाडी असो, पोवाडा उभा राहत नाही. दुर्दैवाने कचेऱ्यांत आणि कारखान्यांत आपण झील धरतो ती वरच्यांच्या मागे. त्याला ‘री ओढणे’ म्हणतात.

दुसरा दाखला इतिहासातला. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४च्या सप्टेंबरात मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. मागण्या आज वाचल्या तर साध्या वाटतात: आठवड्यातून एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, अपघात झाला तर भरपाई. त्या निवेदनावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. ज्या काळी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, त्या काळी ही संख्या काय सांगते? एकाने मागितले असते तर दुसऱ्या दिवशी त्याचा साचा दुसऱ्याला दिला गेला असता. साडेपाच हजार माणसांना घरी बसविता येत नाही.

पुढे २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रिया बोलल्या. दहा हजारांपुढे, १८९० साली! एक बोलली असती तर तो अपवाद म्हणून विसरला गेला असता. दोन बोलल्या म्हणून तो इतिहास झाला, असे मला वाटते. त्याच वर्षी १० जून रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आपण सर्वजण रविवारी सकाळी जो चहा सावकाश घेतो, त्यात त्या दोघींचा वाटा आहे.

आता कोणी म्हणेल, हे मुंबईचे झाले. आमची खानदेशी माणसे मुळात अबोल. हे मला मान्य नाही. आपला माणूस शेताच्या बांधावर, बाजारात, लग्नाच्या मांडवात मोकळेपणाने बोलतो. तो गप्प होतो तो कचेरीच्या पायरीवर, आणि त्याचे एक कारण भाषा हे आहे. घरी अहिराणी किंवा लेवा बोली, आणि साहेबापुढे पुस्तकी मराठी. आपले बोलणे अशुद्ध आहे, हे त्याच्या मनावर शाळेपासून ठसलेले. ग्रियर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणात खानदेशीला मराठीच्या खंडात न घालता भिली बोलींच्या सोबत ठेवले. ते वर्गीकरण बरोबर की चूक हे विद्वानांनी पाहावे. पण ती बिघडलेली मराठी नसून तिला स्वतःचे नियम आहेत, एवढे तरी त्यावरून ध्यानात यावे.

त्यांपैकी एक नियम आज मुद्दाम सांगतो. पुस्तकी मराठीत मी सांगतो, तू सांगतोस, तो सांगतो, अशी रूपे बदलतात. आमच्या अहिराणीत मी सांगस, तू सांगस, तो सांगस. तिघांचे रूप एकच! रूप बदलते ते अनेकवचनात: आम्ही सांगतस, तुम्ही सांगतस. मी, तू आणि तो ह्यांत ही बोली भेद करीत नाही. ती भेद करते एकात आणि अनेकांत. हा नियम कोणा कामगार पुढाऱ्याने केलेला नाही. बोलीत तो आपोआप आहे. पण मी कामगारांच्या शिबिरांत तो नेहमी सांगतो. ‘सांगस’ म्हणणाऱ्याला साहेब दारातून परत पाठवू शकतो. ‘सांगतस’ म्हणणाऱ्यांना खुर्ची द्यावी लागते.

ह्याचा सर्वांत मोठा प्रत्यय खानदेशाने शहाद्यात पाहिला. शहादे तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. १९९८पासून ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. भिल्ल आदिवासींच्या जमिनी मोठ्या शेतकऱ्यांकडे गेल्या होत्या, आणि त्यांतले कित्येक त्याच जमिनींवर सालदार म्हणून राबत होते. सालदाराने मालकापुढे बोलणे ही कल्पनाच कोणाला सुचत नव्हती. अंबरसिंग सुरतवंती ह्या भिल्ल तरुणाने आपल्या माणसांना एकत्र केले. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यास भूमुक्तीसाठी मेळावा भरला, आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. पुढे त्या भागातल्या स्त्रियांचे शिबिर झाले. घरातली दारू आणि मारहाण ही आजवर प्रत्येकीची झाकून ठेवण्याची गोष्ट होती. शिबिरात त्या बोलल्या, तेव्हा ती सर्वांचीच गोष्ट निघाली. आणि त्या स्त्रियांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. आधी वाचा फुटली, मग मडकी फुटली. अंबरसिंग १९७४ साली गेले; पण त्या मुलखातला सालदार पुन्हा पूर्वीसारखा मुका झाला नाही.

बोलण्याला दुसऱ्या माणसाखेरीज आणखी एक आधार लागतो, तो लेखणीचा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. विनोबा बोलत होते आणि साने गुरुजी लिहून घेत होते. गुरुजींच्या हाती लेखणी नसती, तर ती प्रवचने त्या तुरुंगाच्या भिंतींतच विरून गेली असती. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी ह्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली होती, म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली ती पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आली. बोलणारा एक आणि लिहिणारा दुसरा, अशी ही जोडी आहे. ज्याला लिहिता येते त्याच्यावर, ज्याला येत नाही त्याचे ऋण आहे, असे मी समजतो. कामगाराचे म्हणणे लिहावे, तारीख घालावी, त्याला वाचून दाखवावे, पोच घ्यावी. अर्ज लिहिताना त्याच्या तोंडची गोष्ट तशीच ठेवावी. अलंकार घालू नयेत, शिव्याही घालू नयेत. जाळी पंधरा दिवस नव्हती, तर पंधरा लिहावे. महिनाभर लिहू नये. एक आकडा खोटा ठरला की खरे असलेले दहा आकडे मरतात.

आणि इतके करूनही ऐकणारा बहिरा असेल तर काय होते, तेही सांगितले पाहिजे. नाहीतर मी आपल्याला गोड गोष्ट सांगून फसविली असे होईल. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात १९८१च्या डिसेंबरात विषारी वायूने एक कामगार दगावला. १९८२ साली तेथील कामगारांच्या युनियनने धोक्याची भित्तिपत्रके लावली. राजकुमार केसवानी ह्या पत्रकाराने त्याच वर्षी वृत्तपत्रात इशारे छापले. म्हणजे बोलणारे होते, दुजोरा होता, लिखाण होते. पण २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधल्या रात्री काय झाले, ते जगाला ठाऊक आहे. भोपाळ भुसावळहून रेल्वेने एका रात्रीचा प्रवास आहे. ते आपल्याला परके नाही.

त्या हजारो मृत्यूंनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. सुरक्षिततेविषयी माहिती मागण्याचा, आणि स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत निरीक्षकाकडे म्हणणे मांडण्याचा कामगाराचा हक्क प्रथमच कलम म्हणून लिहिला गेला. बोलण्याचा हक्क कायद्यात यावयास एवढी किंमत पडली! २१ नोव्हेंबर २०२५पासून २९ केंद्रीय कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता आल्या आहेत. त्यांविषयी आम्हा कामगार संघटनांच्या तक्रारी अनेक आहेत. संपापूर्वी चौदा दिवसांच्या नोटिशीची अट सर्व औद्योगिक आस्थापनांना लागू झाली, ही त्यांतली एक. त्यावर वेगळे व्याख्यान होईल. पण औद्योगिक संबंध संहितेत एक तरतूद अशी आहे की, वीस किंवा अधिक कामगार असतील तेथे तक्रार निवारण समिती असली पाहिजे, आणि तिच्यात मालकांचे व कामगारांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने असले पाहिजेत. आपल्या दालमिली, जिनिंग, तेलगिरण्या, दुकाने, रुग्णालये ह्यांपैकी किती ठिकाणी अशी समिती खरोखर बसते, हे आपण आपापल्या ठिकाणी विचारून पाहावे. कायद्याने खुर्ची मांडून ठेवली, तरी तिच्यावर जाऊन बसणारा आपल्यातूनच यावा लागतो.

माझ्यापुढे बसलेल्यांत कामगार थोडे आहेत, हे मी जाणतो. व्यापारी आहेत, शिक्षक आहेत, वकील आहेत, निवृत्त अधिकारी आहेत, गृहिणी आहेत. आपण म्हणाल, ह्यात आमचे काय? माझे उत्तर असे की, लहान माणूस प्रथम बोलून उठतो तो बहुधा आपल्यासमोर. दुकानातला पोऱ्या म्हणतो, “शेठ, वजनात गफलत आहे.” पालकसभेत एखादी मोलकरीण बाई म्हणते, “मुलींच्या मोरीला दार नाही.” सोसायटीच्या सभेत रखवालदार म्हणतो, “रात्री जिन्यात दिवा लागत नाही.” त्या क्षणी आपण कोणते क्रियापद वापरतो, ह्यावर पुढचे सारे अवलंबून आहे. ‘मध्येच तोंड घातले’ म्हटले की विषय त्याच्या उद्धटपणाचा होतो. ‘त्याने सांगितले’ म्हटले की विषय वजनाचा, दाराचा, दिव्याचा राहतो. क्रियापद निवडावयास पैसे पडत नाहीत.

बोलणारा नेहमी बरोबरच असतो, असे मी म्हणत नाही. कामगारही चुकतो, अतिशयोक्ती करतो, कधी रागाने खोटेही बोलतो. पण ते ठरविण्याची रीत एकच आहे: त्याने म्हटले ते पाहावे, जाळी आहे की नाही हे जाऊन बघावे. त्याच्या आवाजाची पट्टी मोजून जाळीचा निर्णय होत नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच की, आपल्यापैकी प्रत्येकाने पहिला बोलणारा व्हावे असा माझा आग्रह नाही; ते धैर्य सर्वांना साधत नाही आणि सर्वांना परवडतही नाही. पण दुसरे होणे आपल्याला नक्की जमेल. कोणी खरे बोलला आणि ते आपण पाहिलेले असेल, तर “मीही पाहिले” एवढे दोन शब्द उच्चारावेत, सभा संपल्यावर खासगीत नव्हे, सभा चालू असताना. पुष्कळ अन्याय पहिला बोलणारा नाही म्हणून टिकत नाहीत. पहिला असतोच. दुसरा नसतो, म्हणून ते टिकतात.

अध्यक्षमहाराजांनी प्रश्नांसाठी पंधरा मिनिटे राखून ठेवली आहेत. पहिल्या रांगेतील मान्यवरांची क्षमा मागून मी सुचवितो की, पहिला प्रश्न शेवटच्या रांगेतून यावा. तो बारीक आवाजात आला तरी चालेल. आम्ही सर्व ऐकून घेऊ.